२,१४,७४,८३,६४७ : एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म पायरीपायरीने कसे तपासावेत

मूळ संख्यांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याला बहुधा दोनच टोके दिसतात. शालेय पुस्तकात १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या असतात आणि बातम्यांत कोट्यवधी अंकांच्या मूळ संख्या असतात. यांच्या मधल्या टप्प्यावर संख्या मोठी असते, तरीही तिचा प्रत्येक गुणधर्म कागदावर किंवा साध्या संगणकावर स्वतः पडताळून पाहता येतो. तो टप्पा मात्र क्वचितच कोणी नीट उलगडून दाखवते. हा लेख त्या टप्प्यावरच्या एकाच संख्येविषयी आहे: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. पुढे सोयीसाठी तिला ‘प’ म्हणू.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. मूळ संख्येला स्वतःचे अवयव नसतात, त्यामुळे तिच्याकडे कितीही वेळ पाहिले तरी हाती फारसे लागत नाही. तिचे बहुतेक सारे गुणधर्म तिच्या दोन शेजाऱ्यांच्या, म्हणजे प − १ आणि प + १ यांच्या, रचनेवर ठरतात. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीवर आपण पाहणार आहोत ते मुख्यतः या शेजाऱ्यांकडेच.

साधने फार लागत नाहीत. वही, साधे गणकयंत्र आणि शक्य असल्यास पायथनसारखी, कितीही मोठे पूर्णांक अचूक हाताळणारी संगणकभाषा पुरेशी आहे. घात दाखवण्यासाठी २^३१ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ २ चा ३१ वा घात.

पहिली पायरी : संख्येचे खरे रूप ओळखणे

दशमान पद्धतीत प चे दहा अंक विशेष काही सांगत नाहीत. तिच्यात १ मिळवून पाहावे: २,१४,७४,८३,६४८ ही संख्या बरोबर २^३१ आहे. म्हणजेच प = २^३१ − १, आणि द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या पद्धतीत, ती सलग एकतीस एक मांडून लिहिली जाते. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ यांनंतर ३१ येतो, म्हणून प ही आठवी मर्सेन मूळ संख्या ठरते.

घातांक स्वतः मूळ असणे आवश्यक आहे. घातांक जर अ × ब असा फोडता आला, तर २^(अ × ब) − १ या संख्येला २^अ − १ ने निःशेष भाग जातो आणि ती संयुक्त ठरते. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही, आणि नवा अभ्यासक बहुतेक वेळा इथेच अडखळतो: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. त्यामुळे ३१ मूळ आहे एवढ्यावरून प विषयी काहीच सिद्ध होत नाही. ते काम पुढच्या पायऱ्यांचे आहे.

दुसरी पायरी : भागाकारांची संख्या कमी करणे

ही पायरी सर्वांत समृद्ध आहे आणि तिच्यावर सावकाश वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणतीही संयुक्त संख्या आपल्या वर्गमूळाइतक्या किंवा त्याहून लहान अशा एखाद्या मूळ संख्येने विभाज्य असतेच. ४६३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० आहे आणि ४६३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ आहे. म्हणजे प चे वर्गमूळ या दोहोंच्या मध्ये पडते. ४६३४० पर्यंत सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी हाताने भागत बसणे शक्य असले तरी शहाणपणाचे नाही, आणि लिओनार्ड ऑयलर यांनीही तसे केले नाही. प मूळ असल्याची त्यांची सिद्धता १७७२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागची कल्पना अशी आहे.

समजा, ‘क’ ही मूळ संख्या प ची विभाजक आहे. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे घात एकामागून एक घेत गेलो आणि प्रत्येकाची क ने भागल्यावरची बाकी लिहीत गेलो, तर त्या बाक्या एका ठरावीक लांबीच्या चक्रात फिरतात, आणि १ ही बाकी त्या लांबीच्या पटीतल्या घातांकांवरच येते. इथे ती ३१ व्या घाताला आली आहे, म्हणून चक्राची लांबी ३१ ची विभाजक असली पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे आणि लांबी १ असणे अशक्य असल्यामुळे ती ३१ च असते. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की २^(क − १) ची बाकीही १ असते, म्हणून क − १ ही संख्या ३१ च्या पटीत असलीच पाहिजे. क विषम असल्यामुळे क − १ सम आहे, म्हणजे ती ६२ च्या पटीत येते. एवढ्यानेच क चे रूप ६२न + १ असे आवळले गेले; इथे न म्हणजे कोणताही पूर्णांक.

आता दुसरा धागा. २^३१ ची बाकी १ असल्यामुळे २^३२ ची बाकी २ आहे. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या दृष्टीने २ ही एका वर्गाची बाकी ठरते. असे फक्त त्याच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडते ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरते. ही अट ६२न + १ या रूपावर लावली की दोनच रूपे शिल्लक राहतात: २४८न + १ आणि २४८न + ६३. ४६३४० पर्यंत अशा सुमारे ३७० संख्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक संयुक्त असल्यामुळे आपोआप गळून पडतात.

प्रत्यक्ष सुरुवात करून पाहावी. ६३ संयुक्त आहे. २४९ = ३ × ८३, म्हणून तीही गेली. ३११ मूळ आहे; हा पहिला खरा उमेदवार. पुढच्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ या सगळ्या संयुक्त आहेत आणि दुसरा उमेदवार थेट १३०३ आहे. चार हजार आठशे मूळ संख्यांच्या यादीतला पहिलाच उपयुक्त भाजक ३११ असावा आणि दुसरा १३०३, यातून ऑयलर यांच्या युक्तीची ताकद डोळ्यांसमोर उभी राहते.

३११ ने भागण्यासाठी दहा अंकी संख्येला हातही लावावा लागत नाही. २^९ = ५१२, त्यातून ३११ वजा करून २०१. त्याची दुप्पट ४०२, म्हणजे २^१० ची बाकी ९१. ९१ चा वर्ग ८२८१, त्यातून ३११ × २६ = ८०८६ वजा केले की २^२० ची बाकी १९५. आता १९५ × ९१ = १७७४५ आणि ३११ × ५७ = १७७२७, म्हणून २^३० ची बाकी १८. अखेर २^३१ ची बाकी ३६, आणि प ची बाकी ३५. बाकी शून्य नाही, म्हणजे ३११ हा विभाजक नाही. पडताळा म्हणून थेट भागाकार केला तर ३११ × ६९,०५,०९२ + ३५ असेच उत्तर येते. १३०३ ने भागल्यावर बाकी २२६ उरते. याच रीतीने उरलेले उमेदवार संपवले की प मूळ आहे ही सिद्धता पूर्ण होते; तिच्यात कुठेही संभाव्यतेचा आधार घेतलेला नाही.

ही रीत उलटही वापरून पाहावी, म्हणजे तिच्यावर विश्वास बसतो. इटालियन गणिती पिएत्रो कॅटाल्डी यांनी १७ आणि १९ हे घातांक योग्य ठरवले होते आणि त्यापुढे २३, २९, ३१ व ३७ हेही योग्य असल्याचा दावा केला होता. त्यांतला फक्त ३१ खरा निघाला. १६४० साली फर्मा यांनी २३ आणि ३७ बाद केले. विभाजक अनुक्रमे ४७ आणि २२३ होते. १७३८ साली ऑयलर यांनी २९ बाद केला आणि त्याचा विभाजक होता २३३. हा शेवटचा पडताळा चार ओळींत होतो: २^८ = २५६, बाकी २३; २^१६ साठी २३ चा वर्ग ५२९, बाकी ६३; २^२४ साठी ६३ × २३ = १४४९, बाकी ५१; २^२९ साठी ५१ × ३२ = १६३२, आणि २३३ × ७ = १६३१ असल्यामुळे बाकी १. म्हणजे २^२९ − १ ला २३३ ने निःशेष भाग जातो. २३३ = ५८ × ४ + १ आहे आणि ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, हेही लक्षात घ्यावे; वरच्या दोन्ही अटी इथे तंतोतंत पाळल्या गेल्या आहेत.

तिसरी पायरी : फर्मा-चाचणी, आणि तिच्यातला धोका

संगणकावर मोठ्या संख्येची चाचणी घेताना बहुतेक जण फर्माच्या छोट्या सिद्धांतापासून सुरुवात करतात: एखादा पाया अ घ्यावा, अ^(प − १) ची प ने भागल्यावरची बाकी काढावी आणि ती १ आली तर संख्या ‘कदाचित मूळ’ मानावी. पायथनमध्ये तीन मूल्ये घेणारे घाताचे अंगभूत फलन वापरले की हे काम क्षणात होते. प साठी मात्र इथे एक सापळा आहे. २^३१ ची प ने भागल्यावरची बाकी १ आहे हे प च्या व्याख्येतूनच येते, आणि प − १ ही संख्या ३१ च्या पटीत आहे. म्हणून पाया २ घेतला तर उत्तर १ च येणार, मग प मूळ असो वा नसो. २०४७ हीदेखील पाया २ ची चाचणी विनासायास पार करते, पण ती संयुक्त आहे. मर्सेन रूपातल्या संख्येसाठी पाया २ ही चाचणीच नव्हे.

म्हणून ३, ५ आणि ७ हे पाये घ्यावेत, आणि प − १ ऐवजी तिच्या निम्म्या घातांकाची, म्हणजे १,०७,३७,४१,८२३ व्या घाताची, बाकी पाहावी. तिन्ही पायांसाठी ती २,१४,७४,८३,६४६ येते, म्हणजे प − १, म्हणजेच −१ शी समतुल्य. मिलर–रॅबिन या, फर्मा-चाचणीहून कडक असलेल्या, चाचणीचे इथले रूप एवढेच आहे, कारण प − १ ला २ ने एकदाच भाग जातो. ३,२१,५०,३१,७५१ या संख्येच्या आत २, ३, ५ व ७ हे चार पाये मिलर–रॅबिन चाचणीत कोणत्याही संयुक्त संख्येला पार होऊ देत नाहीत, हे सिद्ध झालेले आहे. प त्या मर्यादेत बसते आणि पाया २ ची कसोटी तर ती आपोआपच पार करते, म्हणून तिच्यासाठी ही चाचणी निव्वळ अंदाज न राहता पुरावा ठरते. त्या मर्यादेपलीकडच्या संख्यांना हा निष्कर्ष लावू नये.

चौथी पायरी : लुकास–लेहमर चाचणी

प + १ हा २ चा शुद्ध घात आहे. या एकाच गोष्टीवर मर्सेन संख्यांसाठीची खास चाचणी उभी आहे. एदुआर लुकास यांनी १८७६ साली तिच्या सुरुवातीच्या रूपाने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि १९३० साली डी. एच. लेहमर यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. कृती अशी: ४ पासून सुरुवात करावी, प्रत्येक वेळी हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करावेत आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांक जर ‘घ’ असेल तर अशा घ − २ फेऱ्या कराव्यात. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त.

आधी लहान उदाहरण हाताने करावे. घातांक ७, संख्या १२७, फेऱ्या पाच. ४; मग १४; मग १९४, बाकी ६७; मग ४४८७, बाकी ४२; मग १७६२, बाकी १११; मग १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९, म्हणून बाकी शून्य. १२७ मूळ. घातांक ११ घेऊन २०४७ साठी नऊ फेऱ्या केल्या की शेवटी १७३६ उरतात, संयुक्त. आता प साठी एकोणतीस फेऱ्या संगणकाकडून करून घ्याव्यात.

या कृतीत भागाकाराचीही गरज नाही, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. २^३१ ची प ने भागल्यावरची बाकी १ असल्यामुळे कोणतीही मोठी संख्या द्विमान पद्धतीत लिहून तिचे शेवटचे ३१ अंक एकीकडे आणि उरलेले वरचे अंक दुसरीकडे केले आणि दोन्ही भागांची बेरीज केली, की बाकी तीच राहते. वर्ग केल्यावरची संख्या ६२ द्विमान अंकांत मावते, म्हणून ६४ द्विमान अंकी (६४-बिट) पूर्णांक वापरणाऱ्या संगणकावर काहीही सांडत नाही. ३२ द्विमान अंकी चिन्हांकित पूर्णांकात मात्र प हीच सर्वांत मोठी मूल्यमर्यादा आहे, तेव्हा त्यात गुणाकार करायला जाऊ नये. त्याच मर्यादेमुळे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी जुनी संगणक घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ नंतर पुढे मोजू शकत नाहीत.

पाचवी पायरी : प − १ चे अवयव

मोठ्या संख्येचे अवयव पाडणे सहसा अवघड असते, पण इथे बीजगणित मदतीला येते. प − १ = २^३१ − २ = २ × (२^३० − १), आणि वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने २^३० − १ = (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. यांतली पहिली ७ × ३१ × १५१ आहे आणि दुसरी ९ × ११ × ३३१. म्हणून

प − १ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

दहा अंकी संख्येचे सगळे अवयव वहीच्या अर्ध्या पानात मिळाले. एक छोटा पडताळा: प च्या अंकांची बेरीज ४६ आहे, तिला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे प − १ ला ९ ने भाग जायलाच हवा.

या अवयवांतून प च्या मूळपणाचा आणखी एक, स्वतंत्र पुरावा तयार होतो. पाया ७ घ्यावा. ७^(प − १) ची बाकी १ येते, आणि (प − १) ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांपैकी कोणत्याही एका अवयवाने भागून मिळणारा घातांक घेतला तर बाकी १ येत नाही. अशी सात वेगळी गणिते करून पाहावीत. सातही कसोट्या उतरल्या की ७ च्या घातांच्या चक्राची लांबी पूर्ण प − १ आहे हे सिद्ध होते, आणि एवढे लांब चक्र फक्त मूळ संख्येलाच शक्य असते. १९७५ साली वॉन प्रॅट यांनी दाखवले की प्रत्येक मूळ संख्येसाठी असे प्रमाणपत्र लिहिता येते आणि ते तपासायला फार वेळ लागत नाही. मला वैयक्तिकरीत्या हा पुरावा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो शोधायला कितीही श्रम पडले असले तरी तपासणाऱ्याला फक्त आठ घात काढावे लागतात.

सहावी पायरी : घातांची चक्रे वाचणे

ज्या पायाचे चक्र पूर्ण प − १ लांबीचे असते त्याला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. ७ असा आहे. २ तसा नाही. त्याचे चक्र केवळ ३१ लांबीचे आहे, २ च्या घातांतून १, २, ४ अशा एकतीसच बाक्या मिळतात आणि मग पुन्हा १ येतो. प्रिमिटिव्ह रूट एकूण किती, हेही पाचव्या पायरीतल्या अवयवांवरून निघते: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,०००. म्हणजे १ ते प − १ या संख्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. चक्रांच्या शक्य लांबी म्हणजे प − १ चे विभाजक, आणि ते १९२ आहेत.

या गुणधर्माचा थेट उपयोग यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करण्यात झाला. हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणावे आणि प ने भागून बाकी घ्यावी. हीच पुढची संख्या. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, आणि ५ हा प − १ चा अवयव नसल्यामुळे तोही प्रिमिटिव्ह रूट आहे. परिणामी प − १ पायऱ्या होईपर्यंत एकही संख्या दुसऱ्यांदा येत नाही. १९८८ साली स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी हीच पद्धत किमान दर्जाची म्हणून सुचवली. स्वतः लिहिलेला कार्यक्रम बरोबर आहे का हे पाहण्यासाठी १ पासून सुरुवात करावी: पहिली संख्या १६,८०७, दुसरी २८,२४,७५,२४९, तिसरी १,६२,२६,५०,०७३, आणि दहा हजारावी १,०४,३६,१८,०६५ यायला हवी. ही शेवटची संख्या जुळली नाही तर बहुधा गुणाकारात कुठेतरी ३२ द्विमान अंकांची मर्यादा ओलांडली गेली आहे.

गोपनीयतेसाठी मात्र प वापरू नये. आकार लहान आहे हे एक कारण झालेच, पण रचनेचे कारण अधिक शिकवणारे आहे. प − १ चा सर्वांत मोठा मूळ अवयव ३३१ इतका लहान असल्यामुळे ‘७ चा कितवा घात घेतला म्हणजे ही बाकी येते’ हा अवघड मानला जाणारा प्रश्न पोहलिग–हेलमन रीतीने लहान लहान तुकड्यांत फोडता येतो, आणि कोणत्याही तुकड्यात ३३१ हून अधिक शक्यता तपासाव्या लागत नाहीत. म्हणूनच गोपनीयतेच्या कामासाठी ज्या मूळ संख्येत (प − १) ÷ २ हीदेखील मूळ असते, तिला पसंती दिली जाते. इथे ती १,०७,३७,४१,८२३ आहे आणि तिला ३ ने भाग जातो.

सातवी पायरी : वर्ग आणि वर्गमुळे

प ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते. यावरून दोन गोष्टी ठरतात: प ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, आणि कोणत्याही वर्गाची प ने भागल्यावरची बाकी प − १ येऊ शकत नाही. प ला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते, म्हणून २ ही वर्गाची बाकी आहे, आणि तिचे वर्गमूळ शोधण्याचीही गरज नाही: ६५५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आहे, आणि प ची दुप्पट ४,२९,४९,६७,२९४. बाकी २. म्हणजे प च्या जगात ६५५३६ हे २ चे वर्गमूळ आहे.

आता चौथ्या पायरीकडे एकदा वळून पाहावे. लुकास–लेहमर कृतीत शेवटी शून्य येते, म्हणजे त्याच्या आधीच्या संख्येच्या वर्गाची बाकी २ असते, म्हणजे ती २ चे वर्गमूळच असते. १२७ साठी ती १११ होती; १२७ − १११ = १६, आणि १६ चा वर्ग २५६ म्हणजे १२७ ची दुप्पट अधिक २. त्याच न्यायाने प साठी अठ्ठाविसाव्या फेरीअखेर ६५,५३६ किंवा २,१४,७४,१८,१११ यांपैकी एक संख्या यायलाच हवी. कार्यक्रम चालवून यांतली कोणती येते ते अवश्य पाहावे.

आठवी पायरी : शेजार आणि क्रमांक

हा भाग थोडक्यात. प च्या आधीची मूळ संख्या २,१४,७४,८३,६२९ आहे आणि नंतरची २,१४,७४,८३,६५९, म्हणजे अंतरे १८ आणि १२. प − २ ला ५ ने आणि प + २ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे जुळ्या मूळ संख्येचा प्रश्नच उरत नाही. मूळ संख्यांच्या क्रमवारीत प चा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा लागतो. प ला तिच्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे सुमारे २१.४९ ने, भागले तर सुमारे ९ कोटी ९९ लाख ४१ हजार हा अंदाज मिळतो. प्रत्यक्ष क्रमांक त्याहून सुमारे ५ टक्क्यांनी जास्त आहे. या परिसरात मूळ संख्यांमधले सरासरी अंतर साधारण २१ असते, हेही त्याच लॉगवरून कळते.

नववी पायरी : परिपूर्ण संख्या

२^३० × प हा गुणाकार करावा: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. या संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज म्हणजे २^३० च्या विभाजकांची बेरीज गुणिले प च्या विभाजकांची बेरीज. पहिली २^३१ − १, म्हणजे स्वतः प. दुसरी प + १, म्हणजे २^३१. या दोहोंचा गुणाकार २^३० × प च्या बरोबर दुप्पट. म्हणून स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरते, आणि ही आठवी परिपूर्ण संख्या ठरते. १८११ साली इंग्लिश गणिती पीटर बार्लो यांनी लिहिले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडेल असे वाटत नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि त्यांच्या मागे कोणी लागणार नाही. १८८३ साली इव्हान पेर्वुशिन यांनी २^६१ − १ मूळ असल्याचे दाखवले आणि नववी परिपूर्ण संख्या हाती आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या तर ४,१०,२४,३२० अंकांची आहे. कुतूहल किती दूर नेते याविषयी बार्लो यांचा अंदाज पार चुकला, असे मी मानतो.

दहावी पायरी : प हाच घातांक

३१ स्वतः २^५ − १ आहे आणि तोच घातांक ठेवून प मिळाली. मग प लाच घातांक करून २^प − १ ही संख्या घेतली तर? तिला ६४ कोटींहून अधिक अंक आहेत, त्यामुळे ती लिहून काढण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्या पायरीतली युक्ती इथे जशीच्या तशी लागू पडते: तिचा कोणताही मूळ विभाजक २ × न × प + १ या रूपाचा असला पाहिजे आणि त्याला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरले पाहिजेत. न = ६८,७४५ घेतल्यावर २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ही संख्या मिळते; तिला ८ ने भागल्यावर ७ उरतात, आणि ती खरोखरच विभाजक आहे. म्हणजे २^प − १ संयुक्त आहे.

याचा पडताळा घरच्या संगणकावर होतो. प च्या द्विमान रूपात एकतीस एक असल्यामुळे कृती फार सरळ आहे: २ पासून सुरुवात करावी, प्रत्येक फेरीत हातातल्या संख्येचा वर्ग करावा, त्याची दुप्पट करावी आणि २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भागून बाकी ठेवावी. अशा तीस फेऱ्या झाल्या की २ चा प वा घात झालेला असतो, आणि बाकी १ उरलेली दिसते. इथे वर्ग ६४ द्विमान अंकांत मावत नाहीत, म्हणून हे गणित मोठे पूर्णांक अचूक हाताळणाऱ्या भाषेतच करावे.